गंज, पत्रा आणि रंग : जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

इंग्लंडात ऑक्सफर्ड शहराच्या दक्षिणेस, थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत 'एमजीबी' नावाची मोटार तयार होत असे. ही ठेंगणी, चपळ व कापडी टपाची गाडी 'स्पोर्ट्स कार' या वर्गात मोडते. टपाऐवजी पक्के छप्पर असलेला तिचा दुसरा प्रकारही निघत असे. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेस गेल्या. १९८० साली कारखाना बंद झाला. परंतु गाडीची रचना सोपी असल्यामुळे व तिचे सुटे भाग अजून मिळत असल्यामुळे अनेक हौशी मालक घरच्या छपरीत तिचा जीर्णोद्धार करीत असतात.

असे काम हाती घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो रंग. परंतु गाडीवरील रंगाचे सर्व थर मिळून जाडी सामान्यतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते. एवढे पातळ आवरण आपल्याखालच्या पत्र्याचे दोष झाकू शकते, पण ते नाहीसे करू शकत नाही. म्हणून या कामाचा विचार रंगापासून न करता पत्र्यापासून करावा लागतो.

भार वाहणारा पत्रा

पूर्वीच्या मोटारींना पोलादी सांगाडा असे व त्यावर निराळी घडवलेली काया बसवीत. एमजीबीच्या आधीची एमजीए ही गाडी अशीच होती. एमजीबीला मात्र असा वेगळा सांगाडा नाही. दाबून आकार दिलेले पातळ पत्रे एकमेकांस जोडून तिची काया बनवलेली असते आणि ती कायाच सर्व भार वाहते. अंड्याचे कवच पातळ असूनही आकारामुळे भक्कम असते, तसाच हा प्रकार होय.

कापडी टपाच्या गाडीत वरून आधार देणारे छप्परही नसते. त्यामुळे पुढचा व मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचे काम बहुतांशी दारांखालच्या दोन पोकळ पेट्यांवर पडते. इंग्रजीत त्यांना 'सिल' म्हणतात. घराच्या दाराखाली असतो तसाच हा गाडीचा उंबरठा आहे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्या दोहोंमधील उभा पडदा असे त्याचे प्रमुख भाग आहेत. रस्त्यावरचे पाणी व चिखल तेथेच उडतो. थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठही तेथेच साचते. म्हणजे गाडीचे बळ जेथे एकवटले आहे, नेमका तेथेच गंजाचा मारा अधिक होतो.

गंज कसा लागतो

लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू हे दोन्ही लागतात, ही गोष्ट शाळेत शिकविली जाते. परंतु गंज फटीत व कोपऱ्यातच अधिक का लागतो, हे त्यावरून कळत नाही. केंब्रिज विद्यापीठातील शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी याचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सोपा प्रयोग आहे. स्वच्छ घासलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवतात. त्या पाण्यात लोखंड विरघळू लागताच निळा रंग दाखविणारे एक द्रव्य आणि अल्कता उत्पन्न होताच गुलाबी रंग दाखविणारे दुसरे द्रव्य किंचित मिसळलेले असते. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा व कडा गुलाबी दिसते.

याचा अर्थ असा, की थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पोचतो. मध्यभागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत कडेला जातात आणि तेथे प्राणवायू व पाणी त्यांचा स्वीकार करतात. एका थेंबाखाली एक लहानसा विद्युत्घटच सुरू होतो. मिठामुळे पाण्यातून वीज सुलभतेने वाहते, म्हणून हा व्यवहार जलद चालतो.

दोन पत्रे एकावर एक जोडलेल्या सांध्यात हेच घडते. सांध्याच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर, आत मात्र अल्प; म्हणून धातू आतून झिजतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून पुष्कळ अधिक असते. तो फुगतो, सांधा उकलतो आणि वरचा रंग फोड आल्यासारखा उचलला जातो. बाहेर दिसणारा लहानसा फोड हा आतल्या मोठ्या हानीचा शेवटचा पुरावा असतो.

पत्र्याचे काम

गाडी विकत घेताना किंवा काम आरंभताना लोहचुंबक फार उपयोगी पडतो. उंबरठ्यावर तो घट्ट चिकटला तर खाली पोलाद आहे असे समजावे. सैल राहिला तर तेथे लुकणाचा, म्हणजे कारागीर ज्याला पुट्टी म्हणतात तिचा, जाड थर असण्याचा संभव असतो. मात्र एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असे. त्यावर चुंबक चिकटत नाही, म्हणून तेथे लुकण आहे असा समज करून घेऊ नये.

कुजलेला उंबरठा कापून नवा बसविण्यापूर्वी दारांच्या चौकटीत पोलादी नळ्यांचा तात्पुरता आडवा आधार जोडतात. हा आधार न देता दोन्ही उंबरठे कापले, तर काया मध्यभागी खचते. नवे पत्रे त्याच खचलेल्या अवस्थेत झाळले गेले, तर दारे पुढे कधीच नीट लागत नाहीत. म्हणून अनुभवी कारागीर एका वेळी एकच बाजू कापतो आणि दार व चौकट यांमधील फट पुनःपुन्हा मोजतो. काया दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर दुसराही मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १९८८ पासून मूळच्या साच्यांवर नव्या काया पुन्हा तयार होऊ लागल्या.

झाळकाम करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्या लागतात आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवावी लागते. रिकामी टाकी निर्धोक असते ही समजूत चुकीची आहे. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ व हवा यांच्या मिश्रणाने भरलेली रिकामी टाकी अधिक स्फोटक ठरू शकते. त्याचप्रमाणे केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम घोड्या लावल्याच पाहिजेत.

रंगाखालची जमीन

पत्रा सुधारल्यावर तो स्वच्छ करण्याचे काम येते. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. असा रंग कोरडा घासल्यास विषारी धूळ श्वासावाटे शरीरात जाते व कपड्यांबरोबर घरातल्या मुलांपर्यंत पोचते. म्हणून तो पाण्याने ओला ठेवून घासावा किंवा रासायनिक द्रावाने उतरवावा. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. तेथील भुकटी हवेच्या झोताने कधीही उडवू नये.

खोलगट जागी राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचा उपयोग करतात. त्यामुळे गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये होते. उरलेले आम्ल धुऊन, पत्रा पूर्ण कोरडा करून लगेच त्यावर अस्तराचा रंग, म्हणजे प्रायमर, द्यावा लागतो. कारण उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. अस्तरात जस्ताची पूड पुरेशा प्रमाणात असेल तर आणखी एक लाभ होतो. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते, त्यामुळे ते स्वतः झिजते आणि पोलाद वाचविते.

लहानसहान खळगे लुकणाने भरतात. सामान्य लुकण पाणी शोषते. म्हणून ते पातळ थरातच वापरावे आणि भोक बुजविण्यास कदापि वापरू नये. पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे पाहण्याची एक युक्ती आहे. अस्तरावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतात आणि लाकडी ठोकळ्याला घासकागद गुंडाळून हलके घासतात. उंचवट्यावरचा काळा रंग प्रथम जातो, खळग्यातला तसाच राहतो. डोळ्यांस न दिसणारा दोष अशा रीतीने आपोआप उमटतो.

रंग सुकतो म्हणजे काय होते

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना रोगण लावीत. त्याचे थर सुकण्यास आठवडे लागत. १९२० नंतरच्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे रंग आले आणि हा काळ तासांवर आला. या रंगातील द्रावक उडून जातो व मागे राळेचा थर उरतो. कोणतीही रासायनिक क्रिया घडत नाही. म्हणूनच त्यावर पुन्हा थिनर पडले तर तो विरघळतो. या गुणामुळे त्यातील चुका दुरुस्त करणे सोपे जाते आणि घरी काम करणाऱ्यास तो सोयीचा पडतो.

द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो आणि तो भाग थंड होतो. हवा दमट असेल तर तेथे दव धरते व रंगावर पांढुरकी झाक येते. मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात फवारणी टाळावी, याचे कारण हेच. कोरडा दिवस निवडून, फवारणीची बंदूक पृष्ठभागापासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर समांतर चालवतात आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवतात. हात कमानीसारखा फिरला तर मध्ये ओघळ येतो आणि टोकांना रंग कोरडा पडतो. मूळ रंगछटा शोधावयाची असेल, तर ऊन न लागलेल्या कोपऱ्यात पाहावे.

आधुनिक रंगांचा दुसरा एक प्रकार दोन द्रव्ये मिसळून तयार होतो. त्यांच्या रासायनिक संयोगाने कठीण व चकचकीत आवरण बनते. परंतु अशा पुष्कळ रंगांच्या कठीणकात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचा सूक्ष्म फवारा श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले म्हणजे अत्यल्प मात्राही झटका आणण्यास पुरते. साधा कापडी वा कागदी मुखपट्टा येथे निरुपयोगी ठरतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारे श्वसनसाधन व बंदिस्त कक्ष लागतो. म्हणून असे रंग घरच्या छपरीत फवारू नयेत. ते काम सुसज्ज कार्यशाळेकडे सोपवावे. नायट्रोसेल्युलोज रंगही पूर्णतः निरुपद्रवी नाहीत. त्यांच्या द्रावकाची वाफ जमिनीलगत पसरते व ठिणगीने पेटते. यास्तव हवा खेळती ठेवणे, योग्य गाळणीचा मुखवटा लावणे आणि ज्योत दूर ठेवणे अगत्याचे आहे.

दिसत नाही त्याची काळजी

रंग चकचकू लागला तरी एक काम उरते. उंबरठ्याच्या पोकळीत मेणयुक्त तेलाचा फवारा मारावा लागतो, म्हणजे सांध्यांत पाणी शिरण्यास वाव राहत नाही. पाणी निघून जाण्यासाठी तळाशी ठेवलेली छिद्रे मोकळी आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते.

या काळजीस आता अधिक महत्त्व आले आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या व मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती राहिली नाही. भारतातही २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था झाली. अशा गाड्या जपण्यास उत्तेजन मिळणे योग्यच होय. परंतु जेथे परीक्षक उरत नाही, तेथे रंगाखालच्या उंबरठ्याची जबाबदारी सर्वस्वी दुरुस्त करणाऱ्यावर येते. रस्त्यावरून जाणारा मनुष्य गाडीचा रंग पाहतो. गाडीत बसणाऱ्याचे प्राण मात्र त्या न दिसणाऱ्या पत्र्याच्या हवाली असतात.