कॅल्शियम की ‘ड’ जीवनसत्त्व?

घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली वृद्धा शस्त्रक्रियेनंतर घरी परतते, तेव्हा तिच्या औषधांच्या चिठ्ठीत कॅल्शियमच्या गोळ्या बहुधा असतातच. त्यांच्या जोडीला ‘ड’ जीवनसत्त्व हवे, की दोहोंपैकी एकाने भागेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. औषधाचा प्रत्येक रुपया मोजणाऱ्या कुटुंबाला तो विचारण्याचा अधिकार आहे.

आतड्यातून कॅल्शियम रक्तात नीट शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. त्याचा तुटवडा असेल तर पोटात गेलेल्या कॅल्शियमचा बराचसा भाग वाया जातो. उलट, आहारात कॅल्शियमच नसेल तर शोषले तरी काय जाणार? तेव्हा या दोहोंत स्पर्धा नाही, परस्परावलंबन आहे.

मग दोन्ही सर्वांनाच द्यावीत काय? अनुभव तसे सांगत नाही. फ्रान्समधील वृद्धनिवासांतील ३,२७० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. रोज १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकके ‘ड’ जीवनसत्त्व दीड वर्ष घेणाऱ्यांत खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी घटले. २००५ साली ब्रिटनमधील प्रयोगाचे निष्कर्ष आले. तेथे आधी हाड मोडलेल्या, सत्तरी गाठलेल्या वा ओलांडलेल्या ५,२९२ जणांना कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व, दोन्ही अथवा निरुपद्रवी गोळी देण्यात आली. नव्या अस्थिभंगांत लक्षणीय फरक पडला नाही. अनेकांनी गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, हे खरे; परंतु मुख्य भेद रुग्णांत होता. फ्रान्समधील स्त्रिया अतिवृद्ध, उन्हाला पारख्या आणि दोन्ही द्रव्यांना मुकलेल्या होत्या. ब्रिटनमधील रुग्ण अपघातापूर्वी हिंडतेफिरते होते.

अतिरेकाचेही दुष्परिणाम आहेत. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख एकके ‘ड’ जीवनसत्त्व दिले असता त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले, असे २०१० साली दिसून आले.

म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी रुग्ण उन्हात जातो काय, दूध वा नाचणी त्याच्या पानात असते काय, त्याला मूतखड्याचा विकार आहे काय, हे विचारले गेले पाहिजे. खिडकीच्या काचेतून खाटेवर येणारे ऊन ‘ड’ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते, हेही ध्यानात असावे. तुटवडा असेल तेथे दोन्ही माफक प्रमाणात आणि नियमित द्यावीत. आहार पुरेसा असेल तेथे कॅल्शियमच्या गोळ्यांचा आग्रह नसावा. या चौकशीला दोन मिनिटेही पुरतात. तीही न करता दिलेली गोळी हा उपचार नव्हे, केवळ परिपाठ होय.