‘विशेष संदर्भ’ ठरण्याआधी

लोकप्रशासन विभागात विषय ठरवण्याचे दिवस आले की माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांवर साधारण एकाच घडणीची शीर्षकं असतात. ‘महिला सक्षमीकरणात पंचायत राज संस्थांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास’. ‘ग्रामीण विकास योजनांचे मूल्यमापन : विशेष संदर्भ अमुक तालुका’. तालुक्याचं नाव बदलतं, बाकीचं शीर्षक वर्षानुवर्षं तसंच राहतं. यात मुलांना दोष देण्यासारखं काही नाही. सीनियरकडून आलेली फाइल, बाइंडिंगच्या दुकानात रचून ठेवलेले जुने प्रबंध आणि ‘सोपा विषय घे, गाइड अडवणार नाहीत’ हा सल्ला, एवढ्या शिदोरीवर त्यांना निवड करायची असते. त्यातले निम्मे तरी स्पर्धा परीक्षेची तयारी करत एम.ए. करत असतात. पूर्वी बऱ्याच ठिकाणी प्रबंध ऐच्छिक असायचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४पासून तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प आला आणि विषय शोधणं सगळ्यांच्याच वाट्याला आलं.

छापून आलेल्या प्रबंधात पहिल्याच प्रकरणात ‘विषयाची निवड’ असा मथळा असतो. साहित्याचा आढावा घेताना अभ्यासातली उणीव लक्षात आली, असं त्याखाली लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती उणीव एसटीत, तहसीलच्या पायरीवर किंवा घरच्यांच्या तोंडून सहज निघालेल्या वाक्यात सापडलेली असते. पुस्तकी भाषा तिला नंतर मिळते. प्रबंध चांगला होणार की नुसता पूर्ण होणार, हे बहुतेक वेळा त्या आधीच्या गोष्टीतच ठरतं, म्हणून ती सांगावीशी वाटते.

सोलापूरकडची एक मुलगी पंचायतीतल्या ५० टक्के महिला आरक्षणावर काम करायचं म्हणून आली. राज्यात निम्म्या जागांची तरतूद २०११ची, त्यामुळे विषयात दम आहेच. प्रश्नावलीही तिने तयार करून आणली होती. ‘आरक्षणामुळे आपला आत्मविश्वास वाढला का? होय, नाही, सांगता येत नाही.’ ओळखपाळख नसलेल्या मुलीला कोणती सरपंचबाई ‘नाही’ म्हणून सांगेल? मी म्हटलं, प्रश्नावली बाजूला ठेव आणि तुझ्या गावची ग्रामसभा कशी होते ते सांग.

ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे सभा तहकूबच होते. मग परत भरते, तेव्हा कामं होतात.”

हे वाक्य तिने अगदी सहज टाकलं. ग्रामसभेची गणसंख्या म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणसंख्येची अट राहत नाही. अट घातली ती गावाने यावं म्हणून. पण गाव नसतानाही कामकाज पुढे जाण्याची वाट नियमातच आहे. मग या दुसऱ्या सभेत बाया कुठे असतात, असं मी विचारलं. तिने कधी पाहिलं नव्हतं.

पाहायचं कुठे, तर प्रोसिडिंग बुकात. कागदोपत्री नाव इतिवृत्त असलं तरी गावात कुणी ते वापरत नाही. ठराव क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’. ग्रामपंचायतीने प्रती दिल्या आणि ती पानं घेऊन आम्ही बसलो. उपस्थितीच्या पानावर बायकांच्या सह्या आणि अंगठे भरपूर होते. सूचक आणि अनुमोदकाच्या रकान्यात मात्र तीच ती नावं फिरत होती आणि त्यांत बाई क्वचितच. प्रश्नावलीतून हे कधीच हाती आलं नसतं. मुलीचा चेहरा उजळला. विषय मिळाला, असं तिला वाटलं.

पण प्रोसिडिंग म्हणजे सभा नव्हे. सभेचं लिहून ठेवलेलं रूप तेवढं तिथे असतं. तेव्हा सभेला जाऊन बसणं भाग होतं आणि इथे कॅलेंडर आडवं आलं. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. चौथं सत्र जानेवारीत सुरू होतं आणि १ मेपर्यंत प्रबंध बांधून द्यायची घाई लागलेली असते. म्हणजे हाताशी एकच सभा उरली, २६ जानेवारीची. प्रबंधाचा आवाका ग्रामसभेच्या तारखा ठरवतात, हे कुठल्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात सापडणार नाही.

झेंडावंदन झाल्यावर सभा भरली. एक म्हातारी उठली आणि आपल्या गल्लीतल्या नळाबद्दल बराच वेळ बोलली. पाणी किती वाजता येतं, कुणाच्या दारापर्यंत पोहोचतं, मोटार लावून कोण ओढतं, सगळं नावानिशी. प्रोसिडिंगमध्ये त्या सगळ्याची एक ओळ झाली: ‘पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली.’ मुलीने ग्रामसेवकांना विचारलं, “भाऊसाहेब, आजी एवढं बोलल्या, ते का नाही लिहिलं?” त्यांनी रागावून नाही, समजावून सांगितलं, “ताई, चर्चा लिहीत बसलो तर ठराव कधी लिहू? ऑडिटला ठराव लागतो.”

प्रबंधाचं शीर्षक या उत्तरातून आलं. ग्रामसभेत बोललेलं आणि लिहिलेलं यांतलं अंतर, आणि त्या अंतरामागची लेखापरीक्षणाची गरज. बाई बोलत नाही असं आपण धरून चालतो. ती बोलली तरी तिचं बोलणं मावेल असा रकानाच नाही, हे त्या मुलीने दाखवलं. माझ्या मते आरक्षणावरच्या कितीतरी जाडजूड अहवालांत ही गोष्ट नाही.

दुसरा किस्सा माणसं नसल्याचा. एका विद्यार्थ्याला महापालिकेच्या स्थायी समितीवर काम करायचं होतं. विषय मोठ्या तयारीने आणला होता, पण समितीच अस्तित्वात नव्हती. मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२च्या मार्चमध्ये संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. नगरसेवक नाहीत तर मुलाखती कुणाच्या घ्यायच्या, म्हणून तो विषय बदलायला आला. मी त्याला थांबवलं. त्याने आधीच जमवलेल्या कागदांत एक प्रस्ताव होता. खाली प्रस्ताव सादर करणारे म्हणून आयुक्तांची सही, पुढच्या पानावर मंजुरी देणारे म्हणून प्रशासकांची सही. सही एकाच हाताची. प्रस्ताव मांडणारा आणि तो तपासून मंजूर करणारा वेगळे असावेत, हे तत्त्व आपण पहिल्या सत्रात फळ्यावर लिहून शिकवतो. इथे ते दोन पानांत संपलं होतं. निवडून आलेली सभा नसते तेव्हा निर्णय भराभर होतात, असं लोक म्हणतात. ते कितपत खरं आहे आणि वेगासाठी काय सोडून दिलं जातं, हा त्याचा विषय झाला.

कागद मिळवण्याचीही एक गोष्ट सांगते, कारण पुष्कळ चांगले विषय तिथे गळून पडतात. मुलं माहिती अधिकारात अर्ज टाकतात आणि ३० दिवस वाट पाहतात. मग उत्तर येतं, ‘मागितलेली माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. कार्यालयीन वेळेत समक्ष येऊन अभिलेखाचे अवलोकन करावे.’ मुलं हा नकार समजतात. मी त्यांना हेच पत्र घेऊन जायला सांगते. अभिलेख पाहण्याचा हक्क कायद्यातच आहे आणि २०१८च्या शासन निर्णयाने तर जिल्हाधिकारी कार्यालयं, जिल्हा परिषदा, महापालिका यांच्यासारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अर्ज न करताही अभिलेख पाहण्याची मुभा दिली. रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे सोडून बसलेल्या विद्यार्थ्याला जे दिसतं ते तक्त्यात मागवून कधीच दिसत नाही. सहा गठ्ठा पद्धतीत कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात टाकला, एवढ्यावरूनही त्या कार्यालयाला काय निकडीचं वाटतं ते कळतं.

आता ज्या प्रबंधाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, तो.

तहसील कार्यालयात लिपिक असलेला एक विद्यार्थी नोकरी सांभाळून एम.ए. करत होता. त्याने लिहून आणलेलं शीर्षक होतं ‘महसूल प्रशासनातील भ्रष्टाचार’. मी विचारलं, हे तुम्हाला कोण सांगणार, त्याचा कागद कुठे मिळणार आणि उद्या तुम्हाला बसायचं कुठे आहे? त्याने शीर्षक खोडलं आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ घेतो म्हणाला. या कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली. मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. “पण मॅडम, त्यात सापडणार काहीच नाही. आमच्याकडे सगळे अर्ज मुदतीत निकाली निघतात. प्रलंबितच्या रकान्यात शून्य असतं.”

“मग लोक पुन्हा पुन्हा का येतात?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अर्ज आत घेतलाच नाही, तर मुदत सुरू कशी होणार?”

कायद्यात मुदत मोजली जाते ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे खिडकीवरचा माणूस ठरवतो. रेशनकार्डाची झेरॉक्स नाही, स्वयंघोषणापत्रावर फोटो नाही, म्हणून कागद खिडकीतूनच परत जातो. बारनिशीत नोंद नाही, पोच नाही, क्रमांक नाही. असा अर्ज सरकारदरबारी जन्मालाच आलेला नसतो. लिपिक हे लाच मिळावी म्हणूनच करतो असंही नाही. महिन्याच्या बैठकीत प्रलंबित आकड्यावरून वरिष्ठ सगळ्यांसमोर बोलतात, म्हणून अपुरा अर्ज आत घेणं त्याला परवडत नाही. लोकांच्या बाजूने केलेला नियम खिडकीवर असा उलटा फिरतो, आणि हे आतून सांगू शकेल असा माणूस माझ्यासमोर बसला होता.

विषय समितीपुढे अडला. “प्रबंधाचा विषय एका खिडकीएवढा?” असं एका ज्येष्ठांनी विचारलं. समितीवरच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी बाजू घेतली. १९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची घडी नव्याने बसवली, ती टेबलांची मांडणी आणि कागदांच्या ठेवणीपासूनच, याची त्यांनी आठवण करून दिली. लखिना पॅटर्न सगळ्यांना पाठ होता. विषय मंजूर झाला.

खरी अडचण पुढे होती. ज्या अर्जाची नोंदच नाही, तो मोजायचा कसा? स्वतःच्या कार्यालयात अभ्यास करणं योग्य नव्हतं, म्हणून हा रजा टाकून दुसऱ्या तालुक्याला जायला लागला. तिथे कार्यालयाबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे एक काका बसायचे. त्यांच्याशेजारी हा बसू लागला. काकांकडे लाल पुठ्ठ्याची वही होती: तारीख, कुणासाठी काय लिहिलं, किती पैसे घेतले आणि कितींचे यायचे राहिले. त्यांच्या दृष्टीने तो धंद्याचा हिशोब होता. त्या वहीत एकच नाव एकाच दाखल्यासाठी पुन्हा पुन्हा येत होतं. आधी अर्ज, मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा अर्ज. खिडकीतून परतलेल्या माणसाची नोंद सरकारच्या एकाही नोंदवहीत नव्हती, ती या वहीत होती. काकांनी वही वापरायला परवानगी दिली, नावं झाकायची या अटीवर, आणि ती अट त्याने शेवटपर्यंत पाळली.

मायकेल लिप्स्की यांचं नागरिकांशी थेट गाठ पडणाऱ्या कर्मचाऱ्यांवरचं १९८०चं पुस्तक मी त्याला मुद्दामच यानंतर दिलं. आधी दिलं असतं तर त्याने खिडकीत लिप्स्कीच शोधला असता. वाचून आला आणि म्हणाला, “मॅडम, हा माणूस आमच्या ऑफिसात बसून गेलाय.” सैद्धांतिक चौकटीचं प्रकरण त्याने झपाट्याने लिहून काढलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात आधी वहीवरच बोट ठेवलं. हा खासगी माणसाचा हिशोब, याला पुरावा कसा म्हणायचं? त्याने आपल्या मोजणीची मर्यादा आधी सांगितली: काकांकडे येतात ते अर्ज लिहिता न येणारे किंवा लिहायला घाबरणारे, स्वतः अर्ज भरणारे या वहीत नाहीत. मग शिफारशीचं पान उघडून दिलं. खिडकीवरून परत गेलेल्या प्रत्येक अर्जालाही क्रमांक द्यावा आणि परत करण्याचं कारण लेखी द्यावं, एवढीच शिफारस होती. परीक्षक त्या पानावर बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिले. क्रमांक दिला तर तो प्रलंबितमध्ये धरायचा का, धरला तर लिपिकावरचा ताण कसा कमी करायचा, ऑनलाइन अर्जांत हेच कसं घडतं.

हा शेवटचा प्रश्न प्रबंधात नव्हता. यंदा तोच धरून एक विद्यार्थिनी आली आहे. पोर्टलवर अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत येतो तेव्हा मुदतीचं काय होतं, हे तिला पाहायचं आहे. शीर्षक अजून ठरलेलं नाही. तिला मी आधी गावच्या महा ई-सेवा केंद्रात बसायला पाठवलं आहे, दहावी-बारावीचे निकाल लागून दाखल्यांची गर्दी सुरू होईल त्या आठवड्यात.