बोली पोराची नव्हे, जागेची

हॉकी इंडिया लीगच्या ऑक्टोबर 2024 मधल्या लिलावात प्रत्येक संघाला 24 जणांत किमान चार ज्युनिअर घेणं सक्तीचं होतं. त्यामुळे कोवळ्या खेळाडूवर लागलेली बोली ही पुष्कळदा रिकाम्या जागेची आणि उरलेल्या पैशांची किंमत असते. पोराची नव्हे.

मग पाहायचं काय? डिसेंबर 2025 मध्ये चेन्नईच्या एग्मोर मैदानावर, ज्युनिअर विश्वचषकाच्या कांस्यपदक सामन्यात भारत अर्जेंटिनाविरुद्ध 0-2 असा मागे होता. शेवटच्या पंधरा मिनिटांत चार गोल मारून सामना 4-2 असा फिरवला. गोलफलकावर नाव लागतं फटका मारणाऱ्याचं. वर्तुळात घुसून पेनल्टी कॉर्नर मिळवून देणारा तिथे दिसत नाही. पारखी मात्र त्यालाच टिपतो.

चेंडू येण्याआधी पोरगा खांद्यावरून मागे नजर टाकतो का? पहिल्याच स्पर्शात चेंडू मोकळ्या बाजूला वळवतो का? चेंडू गमावल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो, की मागे धावतो? वेग आणि ताकद वयाबरोबर येते. ही नजर उशिरा सहसा येत नाही, असं माझं मत.

पुढच्या सामन्यात दहा मिनिटं चेंडू सोडून एकाच पोराकडे बघा.