आखणी

पहाटे ४.५०

डोळे उघडायच्या आधीच मनात येतं, काल डोक्यावरचं फडकं नीट पिळून घातलं होतं ना? डोकं माझं नव्हे, मातीचं. आत्या म्हणते, घरात तान्हं मूल असल्यासारखी दचकून उठतेस. जुलैत माती तडकायची भीती नसते, भीती उलट असते. फडकं जास्त ओलं राहिलं की नाकाचा शेंडा रात्रीतून खाली उतरतो.

मी पेणची. घरी गणपतीचा कारखाना, आजोबांपासूनचा. सध्या पनवेलला आत्याकडे राहते आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकते, बीएफएचं तिसरं वर्ष. नातेवाइकांत याचं वर्णन "मूर्त्याच करायच्या होत्या तर कॉलेज कशाला?" असं होतं. आत्या तेवढी बोलत नाही, डबा भरून देते.

५.३८

पनवेलहून सुटणारी गाडी असल्यामुळे बसायला मिळतं. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर. या वेळात दहा स्केचेस व्हायला पाहिजेत असा माझा स्वतःशी ठराव आहे, बहुतेक दिवशी सहा होतात. लेडीज डब्यात मॉडेलची वाण नसते. वाशीपर्यंत निम्म्या बायका झोपलेल्या असतात, आणि झोपलेल्या माणसाची मान ही अ‍ॅनाटॉमीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगली शिकवते. कानामागून निघून छातीच्या मधल्या हाडापर्यंत येणारा तो जाड स्नायू मान एका बाजूला कलली की दोरखंडासारखा वर येतो.

जागी बाई मात्र सोडत नाही. "माझं काढलंस ना गं? दाखव." मग वही फिरते. "नाक केवढं काढलंय बघा हिनं." शेजारची म्हणते, "आहेच तेवढं." मानखुर्दपर्यंत करमणूक होते.

७.०५

सीएसएमटीच्या इमारतीत इतके प्राणी, पक्षी, पानं-फुलं कोरलेली आहेत, पण सकाळी मान वर करून बघणारं कोणी नसतं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली आणि तिच्यावरच्या कोरीव कामात आमच्या कॉलेजच्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांचा हात होता. म्हणजे कुणीतरी माझ्याच वयाचं पोरगं उन्हात बांबूच्या परांचीवर बसून दगडातलं पान ठोकत होतं. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. पेणच्या मूर्तीवरही नसतं.

डी. एन. रोडनं चालत कॉलेजात. अंजुमन-ए-इस्लाम ओलांडलं की आलंच. थोडं पुढं क्रॉफर्ड मार्केट, त्याच्या दारावरची शिल्पपट्टी लॉकवुड किपलिंगची. तो १८६५ मध्ये आमच्या कॉलेजात शिल्पकला शिकवायला आला आणि त्याच वर्षी त्याला मुलगा झाला, तो लेखक रुडयार्ड किपलिंग. लोक मुलाचं नाव विचारत येतात. आम्हाला बापात जास्त रस.

७.४०

फडकं काढते. नाक जागेवर आहे. फवाऱ्यानं पाणी मारते आणि टर्नटेबल एकदा सबंध फिरवते.

पहिल्या वर्षी पहिलं डोकं केलं तेव्हा घाईत आर्मेचरला, म्हणजे आतल्या सळईच्या सांगाड्याला, बटरफ्लाय बांधले नव्हते. बटरफ्लाय म्हणजे लाकडाच्या दोन चिपा आडव्या-उभ्या तारेनं बांधून सळईला टांगायच्या, माती त्यांना धरून राहते. मला वाटलं, आपण लहानपणापासून मातीत आहोत, आपल्याला काय करायचंय. शनिवारी झाकून गेले. सोमवारी येऊन बघते तर हनुवटी छातीवर. बाई देवळात कीर्तन ऐकता ऐकता पेंगावी तशी. तेव्हापासून प्रत्येक डोक्यात आठ बटरफ्लाय टांगते, गरज चारची असली तरी.

९.००

मॉडेल आजोबा येतात. छत्री कोपऱ्यात, चष्मा खिशात, स्टुलावर बसले की भिंतीवरच्या एका खिळ्याकडे नजर. वीस-पंचवीस मिनिटं हलत नाहीत. इतकं स्थिर बसणं मला जमणार नाही. आज त्यांचा बसायचा शेवटचा दिवस, आज डोळे.

हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. कारखान्यात मी सातवीपासून आखणी करते. मूर्तीच्या डोळ्यांना रंग भरणं म्हणजे आखणी. आधी पांढरं, मग बुबुळ, मग काळ्यानं वरची पापणी एका दमात, शेवटी ब्रशच्या टोकानं पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. बाबांच्या कारखान्यात बाकी कामं कोणीही करतं, आखणीला ठरलेली तीनच माणसं बसतात. त्यांतली मी एक. पोट, सोंड, मांडी, सगळं साच्यातून येतं. हाताला फक्त गुळगुळीत करायचं माहीत.

हा गुळगुळीतपणा इथं आडवा आला. पहिल्या वर्षी माझं काम बघून सर म्हणाले, "छान. पण हे समोर बसलेले गृहस्थ नाहीत, हा तुमच्या पेणचा गणपती आहे." वर्ग हसला. मीही हसले आणि घरी जाऊन रडले. पण खोटं नव्हतं. गालाला माझा अंगठा आपोआप फिरायचा आणि साठीच्या माणसाचा गाल बालगणेशाचा व्हायचा. त्यानंतर सरांनी मला महिनाभर बोटं लावू दिली नाहीत. लाकडी पट्टीनं माती थापायची, प्लेन, म्हणजे सपाट पृष्ठं, पाडायचे. कपाळाचा पुढचा प्लेन, कानशिलाचा बाजूचा प्लेन, दोन्ही मिळतात तिथं कडा. हाताला येणारी गोष्ट हातातून काढून टाकणं इतकं अवघड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना काहीच येत नव्हतं ती मुलं माझ्या पुढं गेली.

आणि डोळा. इथं रंग नाही. मातीच्या गोळ्यावर बुबुळ गुळगुळीत ठेवलं तर माणूस आंधळा दिसतो. म्हणून बुबुळाच्या जागी खणायचं. तारेच्या टूलनं खोलगट खड्डा, त्यात सावली साचते आणि लांबून ती काळी दिसते. खणताना वरच्या बाजूला मातीचा ज्वारीच्या दाण्याएवढा कण सोडायचा, तो पापणीला धरून राहतो. त्याच्यावर उजेड पडतो. म्हणजे माझा पांढरा ठिपकाच, पण रंगाऐवजी मातीचा.

कॅलिपरनं डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंतचं अंतर पुन्हा घेतलं. आजोबांचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित खाली आहे. महिनाभर मी तो नकळत वर ढकलत होते, कारण मूर्तीचे डोळे सरळ रेषेत असतात. आज तो खाली घेतला. घेतला आणि चेहरा एकदम त्यांचा झाला. तीन पावलं मागं गेले, तेवढ्यात सर मागून येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत आणि पुढच्या स्टँडकडे गेले. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

विश्रांतीत आजोबा चष्मा लावून स्वतःला बघायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "हे माझ्या वडिलांसारखं दिसतंय."

१२.३०

डबा. पोळी, कारल्याची भाजी, जी कुणी मागत नाही.

१.१५

कलेचा इतिहास. पडदे ओढलेले, जेवण झालेलं, पंखा. शेवटच्या बाकावरच्यांची गत मी पाहिलेली नाही असं समजा. आज रोमन पोर्ट्रेट्स होती आणि मी मात्र टक्क जागी. ग्रीकांनी आणि सुरुवातीच्या रोमनांनी संगमरवरी पुतळ्यांचे डोळे रंगवलेच होते, सरळ आखणीच. रंग उडून गेले म्हणून ते आपल्याला पांढरे आणि थंड दिसतात. पुढं सम्राट हेड्रियनच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, बुबुळ कोरायची आणि त्यात भोक पाडायची रीत रूढ झाली. आणि अठराव्या शतकात फ्रान्सच्या ऊदों या शिल्पकारानं खड्ड्यात दगडाचा कण सोडून डोळ्याला ओलावा आणला. माझा ज्वारीचा दाणा त्याचा निघाला. पेण ते पॅरिस हा प्रवास दोन हजार वर्षांचा आहे आणि मी तो दोन वर्षांत करावा अशी अपेक्षा आहे, एवढंच वहीच्या कडेला लिहून ठेवलं.

२.३०

मोल्ड. यात बोलायला फुरसत नसते.

वेस्ट मोल्ड करायचा म्हणजे साचा एकदाच वापरायचा, ओतकाम झालं की फोडून टाकायचा. कारखान्यात एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. इथं एक, आणि तीही साचा फुटल्यावर. बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना तो धंद्याचा अपमान वाटला होता.

आधी डोक्याचे दोन भाग ठरवायचे. कानांच्या मागून, टाळूवरून रेघ मारली आणि त्या रेघेत थंड पेयाच्या कॅनचे कापलेले पत्रे रोवले, एकाला एक चिकटून, बोटभर वर आलेले. पत्र्यांची ही भिंत साच्याचे दोन तुकडे वेगळे ठेवते. मैत्रिणीनं घमेल्यात पाणी घेतलं, त्यात कपड्यांची नीळ. मग मुठीमुठीनं पीओपी भुरभुरायचं. ढवळायचं नाही. पाण्यावर पांढरी बेटं दिसायला लागेपर्यंत थांबायचं, ती बुडाली की हात तळाशी घालून हलक्यानं फिरवायचा, बुडबुडे होता कामा नयेत. घरी सध्या पीओपी म्हटलं की २०२० ची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तींबाबतची नियमावली आणि कोर्टाची तारीख आठवते. इथं ती नुसती भुकटी असते.

आता पाच-सात मिनिटं हातात. निळं प्लास्टर बोटांनी झटकून चेहऱ्यावर उडवायचं, होळीत उडवतात तसं. डोळ्याच्या खड्ड्यात, नाकपुड्यांत फुंकर मारून घुसवायचं. पहिला थर निळा असण्याचं कारण उद्या कळतं. साचा छिन्नीनं फोडत आत जाताना निळं दिसलं की हात आवरायचा, पुढं चेहरा आहे. नीळ नसती तर पांढऱ्यात पांढरं, नाक केव्हा गेलं कळलंही नसतं.

दुसरा थर पांढरा, जाड, त्यात काथ्या. काथ्या पिंजून प्लास्टरमध्ये बुडवून लावणं हे काम मी डोळे मिटून करते. सगळ्या वर्गात माझ्याइतकं झरझर कुणाला येत नाही. सर लांबून म्हणाले, "आता कर तुझा गणपती." आज मलाही हसू आलं.

मग वाट बघायची. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हात ठेवला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागतं. गार झाल्यावर पत्र्यांच्या फटीत पाणी सोडलं, पाचर मारली. मागचा तुकडा 'च्यक्' करून सुटला. आतली माती बोटांनी उकरून काढली, सळई आणि आठही बटरफ्लाय सोडवले. महिन्याचं काम पंधरा मिनिटांत चिखल.

साचा स्पंजनं धुतला आणि खिडकीशी धरला. आत आजोबांचा चेहरा उलटा, खोलगट. पण एक डोळा मिटून पाहिलं की तो फुगीर दिसतो आणि आपण सरकू तसा आपल्यामागं वळतो. मैत्रीण दोनदा इकडून तिकडे गेली आणि म्हणाली, "ठेव बाई खाली, भीती वाटते."

५.४०

फरशी घासणं, घमेली खरवडणं. प्लास्टरचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, पाइपात दगड होतो. या पदवीचा निदान तिसरा हिस्सा साफसफाईत जातो. माहितीपत्रकात हे छापत नाहीत.

उकरलेली माती पिंपात परत टाकली. वर अजून एका कानाचा आकार शाबूत होता. तो अंगठ्यानं दाबला. पुढच्या महिन्यात त्याच मातीचा कुणीतरी पाय करेल.

निघताना रोजच्यासारखी 'मंदिरपथगामिनी'ची आठवण काढते. गणपतराव म्हात्र्यांनी ती १८९६ मध्ये केली, इथंच शिकत असताना, जेमतेम विशीत. नऊवारीतली बाई, पूजेचं साहित्य घेऊन देवळाला निघालेली, तीही प्लास्टरमध्येच. मी एकवीसची आहे. हा हिशोब करू नये, पण पाय दुखत असले की होतो.

६.२५

गाडीत उभं राहायलाही जागा नाही. स्केच नाही. नखांत प्लास्टर, शेजारच्या बाईनं पर्स स्वतःकडे ओढली.

९.३०

बाबांचा फोन. मागं कॉम्प्रेसरचा आवाज, म्हणजे अजून रंगकाम चालू.

"शनिवारी ये. अडीचशे मूर्तींची आखणी राहिलीय."

"येते. बाबा, आज डोळे झाले."

"कसे केलेस?"

सांगितलं. खड्डा, सावली, मातीचा कण. ते ऐकत होते, हे कॉम्प्रेसर बंद झाल्यावरून कळलं.

"म्हणजे सावलीवर सगळं?"

"हो."

"आणि उजेड खालून आला तर? मंडपात दिवे खालून असतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या स्टुडिओत उजेड वरच्या खिडकीतून येतो, बारा महिने. आजोबा स्टुलावर, उजेड वरून, खड्ड्यात सावली, हे मी गृहीतच धरलं होतं. आखलेला डोळा कुठल्याही उजेडात बघतो.

"बरं, जेवलीस का?" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खोलीतला दिवा घालवला. आरशासमोर बसून मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरला, मग हळूहळू गालाशी, कानाशी, कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. बाहेरून आत्या म्हणाली, "झोप आता, भुतासारखी काय करतेस?"

"थांब गं," मी म्हटलं आणि वही ओढली.