मुंबई ते लंडन: अंतर तेवढंच, मग जाताना जास्त वेळ का लागतो?

मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. प्रवासी विमानाचा वेग ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर असतो. भागाकार केला तर उत्तर आठ-साडेआठ तास येतं. प्रत्यक्षात मात्र जाताना बहुतेक वेळा साडेनऊ-दहा तास लागतात आणि परतताना साधारण तासभर कमी. असं का होतं?

अंतर कसं मोजतात?

पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर काढता येत नाही. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जिथून जाईल तो सर्वांत जवळचा मार्ग. ७,२०० किलोमीटर हे या मार्गाचं अंतर आहे. विमान नेमकं त्यावरून जाईलच असं नाही. युद्ध, वादळ किंवा एखाद्या देशाने बंद केलेली हवाई हद्द यामुळे वळसा पडतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै आणि नंतर एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा प्रवास लांबला.

वाऱ्याचा हिशोब

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ८८० किलोमीटर आणि वाऱ्याचा ८० आहे. लंडनला जाताना वारा समोरून येतो, म्हणून जमिनीच्या हिशोबाने वेग उरतो ८०० आणि लागतात ९ तास. परतताना तोच वारा पाठीमागून ढकलतो; वेग होतो ९६० आणि लागतात साडेसात तास. दोन्हींत दीड तासाचा फरक!

शिवाय तिकिटावरचा वेळ फक्त हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि उतरून जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंत जाणं आणि रांगेत थांबणं हेही त्यात येतं.

घड्याळ फसवतं

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या शहराची असते. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असतं, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता सुटलेलं विमान १० तासांनी लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरतं. तिकीट पाहून प्रवास साडेचार तासांचा वाटतो! उलट, लंडनहून रात्री ९ ला निघून ९ तास उडालेलं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पोहोचतं.

म्हणून दोन वेळांची वजाबाकी करण्याऐवजी तिकिटावर दिलेला एकूण कालावधी पाहावा. मधुमेहासारख्या आजारात औषधाच्या दोन मात्रांमधलं अंतर महत्त्वाचं असतं. विमानात ते हातावरच्या घड्याळावरून ठरवलं तर गोंधळ होऊ शकतो. निघण्यापूर्वी प्रवासाचे खरे तास डॉक्टरांना सांगून औषधांचं वेळापत्रक लिहून घेतलेलं बरं. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांनाही तारीख आणि स्थानिक वेळ दोन्ही कळवावं, कारण रात्री सुटलेलं विमान अनेकदा पुढच्या तारखेला उतरतं.