मंद आचेचा तंबाखू

निव्वळ व्हर्जिनिया तंबाखूची डबी उघडली की बहुतेक वेळा आधी थोडा आंबूस वास येतो. तो ओसरला की मागून वाळलेल्या गवताचा येतो, मग मनुकांचा, आणि पान गडद असेल तर काकवीचा. यांतलं काहीही डबीत घातलेलं नसतं. पाईपसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ तंबाखूंत व्हॅनिला, चेरी किंवा रमचा अर्क मिसळतात. काहींत धुरावर वाळवलेला लटाकिया असतो, काहींत लुइझियानात पिंपात दाबून मुरवलेला पेरीक. ‘स्ट्रेट व्हर्जिनिया’त असल्या कशाचाही आधार घेतलेला नसतो. त्यात फक्त व्हर्जिनिया जातीचं पान असतं. गोडी असेल तर ती पानाची आणि कडवटपणा असेल तर तोही पानाचाच.

बरीच वर्षं हा तंबाखू ओढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. या पानाची गोडी आगीनं तयार केलेली असते आणि ओढणाऱ्यानं घाई केली तर आगच ती घालवते. व्हर्जिनिया ओढायला शिकायचं म्हणजे आच मंद ठेवायला शिकायचं. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

ही आग कशी असते ते म्हैसूर जिल्ह्यात, हुणसूर-पेरियापट्टणच्या पट्ट्यात बघायला मिळतं. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही आपल्याकडची व्हर्जिनिया तंबाखूची दोन मोठी राज्यं. इथला माल टोबॅको बोर्डाच्या लिलाव केंद्रांवर विकला जातो. कर्नाटकातलं पीक पावसाळ्यावर येतं. ऑगस्ट उजाडला की शेताशेतांतल्या भट्ट्या पेटू लागतात. भट्टी म्हणजे विटांची, उंच, जवळजवळ खिडक्या नसलेली खोली. आत आडव्या वाशांवर, एकावर एक थरांत, काठ्यांना ओवलेली हिरवी पानं उलटी टांगतात. चुलीचं तोंड बाहेर असतं. तिथे लाकूड जळतं आणि ती धग लोखंडी नळकांड्यांतून खोलीच्या जमिनीलगत फिरून धुराड्यातून बाहेर जाते. पानाला मिळते ती फक्त ऊब, धुराचा स्पर्श त्याला होत नाही.

पहिले दीड-दोन दिवस खोली ३५ ते ४० अंशांवर आणि दमट ठेवतात. पान तोडलेलं असलं तरी या वेळी मेलेलं नसतं. त्याच्यातला हिरवेपणा उतरतो, पिवळा रंग वर येतो आणि साठवलेल्या पिठूळ स्टार्चची साखर होऊ लागते. पान असंच सोडून दिलं तर ही साखर ते स्वतःच श्वासावाटे खर्च करून टाकेल. सावलीत आठवडेच्या आठवडे वाळवलेल्या बर्ले तंबाखूत नेमकं तेच होतं, म्हणून त्यात साखर जवळजवळ उरत नाही. भट्टीवाला मात्र पान पुरेसं पिवळं झालं की आच चढवतो. पन्नाशीच्या पुढे पानाचा पापुद्रा वाळतो आणि सत्तरीच्या आसपास मधली जाड शीर वाळते. पान मरतं आणि साखर आत अडकते. तयार पानात ती दहा ते वीस टक्के, कधी त्याहूनही जास्त सापडते. सगळं मिळून पाच ते सात दिवस लागतात.

आच कधी चढवायची हा या कामातला खरा निर्णय. घाई केली तर पान हिरवंच वाळतं आणि तो हिरवट कडवटपणा पुढे काही केल्या जात नाही. उशीर झाला तर पान तांबूस पडतं, गोडी जाते. थर्मामीटर टांगलेला असतो, पण मी पाहिलेला भट्टीवाला झरोक्याच्या काचेला डोळा लावून, बॅटरीच्या उजेडात पानाची कड निरखत होता. कडेचा पिवळा रंग शिरेपर्यंत किती सरकला आहे ते त्याला पाहायचं होतं. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या जसं नजरेनं ठरवतो, तसंच हे काम आहे. शेवटी भट्टी उघडतात तेव्हा पान इतकं ठिसूळ असतं की बोटात चुरा होतो. रात्रभर दारं उघडी टाकून त्याला हवेतला ओलावा घेऊ देतात, तेव्हा कुठे ते हाताळण्याजोगं मऊ होतं.

ही रीत अमेरिकेतली. १६१२च्या सुमारास जॉन रॉल्फ यानं जेम्सटाउनच्या इंग्रज वसाहतीत गोडसर जातीचा तंबाखू लावला आणि व्हर्जिनियाची भरभराट या पिकावर उभी राहिली. ते पीक पुढे गुलामांच्या श्रमांवर वाढलं. आजच्या पिवळ्याधमक पानाचं श्रेयही परंपरेनं एका गुलामालाच दिलं जातं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीत स्लेड कुटुंबाच्या शेतावर १८३९ साली स्टीफन नावाचा गुलाम रात्री भट्टी राखत होता. डोळा लागला, आग विझत आली. जाग आल्यावर त्यानं घाईनं लोहारकामाचा कोळसा आणून टाकला, त्या कोरड्या प्रखर उष्णतेनं पानं सोनेरी झाली आणि मालाला भाव आला. त्या रेताड, नत्र कमी असलेल्या जमिनीत पान पातळ आणि गोड निघत असे, हेही या रीतीच्या पथ्यावर पडलं. नाव आणि नफा मालकाच्या वाट्याला गेला. या तंबाखूची चव घेताना स्टीफनचं नाव माहीत असायलाच हवं असं मला वाटतं.

दख्खनला तंबाखू रॉल्फच्याही आधीपासून माहीत होता. अकबराचा दूत असद बेग यानं १६०४च्या सुमारास विजापूरहूनच तो दरबारी नेला. पण निपाणीच्या बाजारात आपण पाहतो तो विडीचा तंबाखू उन्हात वाळवलेला, साखर फार कमी असलेला आणि तिखट असतो. त्याची तुलना व्हर्जिनियाशी करू नये, दोघांची वाटच वेगळी आहे.

भट्टीतून निघालेलं व्हर्जिनिया पान लिंबासारखं पिवळं, नारिंगी किंवा तांबूस असतं. झाडाच्या खालच्या अंगाचं पान पातळ आणि सौम्य असतं. वर जावं तसं ते जाड होतं आणि निकोटीनही वाढतं. पुढचं काम कारखान्याचं. पानांचे थर रचून दाबाखाली ठेवतात, वाफ किंवा ऊब देतात. दाबानं पानातला रस सगळीकडे सारखा पसरतो, रंग गडद होतो आणि आंबटपणा मुरतो. मग त्या वडीचे पातळ काप काढतात. हाच फ्लेक. इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टच्या कडेला केंडाल हे गाव आहे. तपकीर आणि पाईपचा तंबाखू बनवण्याची तिथली परंपरा १७९२पर्यंत मागे जाते. तिथल्या सॅम्युअल गॅविथचा ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’ हा या प्रकारातला माझ्या दृष्टीनं मानदंड. काप लांब, जवळजवळ काळपट तपकिरी आणि हाताला दमट लागतात.

हा दमटपणा नवख्याला फसवतो. डबीतून काढून थेट पाईपमध्ये भरला तर तंबाखू धड पेटत नाही. मग माणूस जोरजोरानं ओढतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ जीभ भाजते. व्हर्जिनिया ‘जीभ चावतो’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तिचं कारण बहुधा हेच असतं. म्हणून एक काप तळहातावर घ्यावा, बोटांनी हलकेच चोळून त्याचे तंतू सुटे करावेत आणि कागदावर पसरून ठेवावेत. पंख्याखाली वीसेक मिनिटं पुरतात, पावसाळ्यात त्याहून जास्त लागतात. चिमटीत दाबला तर गोळा होता कामा नये, सोडल्यावर तंतू पुन्हा फुलायला हवेत. कुरकुरीत झाला तर मात्र चवही गेली.

पाईप ब्रायरचा असावा. भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते, तिचं हे लाकूड. ते सहजी जळत नाही आणि थोडा ओलावा शोषून घेतं. वाटी फार रुंद नको. आणि व्हर्जिनियाचा पाईप वेगळा राखावा, कारण लाकूड वास धरून ठेवतं. त्यात एकदा चेरीचा किंवा लटाकियाचा तंबाखू ओढला की पुढे कित्येक दिवस निव्वळ पानाची चव कळत नाही.

भरताना तळाशी सैल आणि वर जरा घट्ट. रिकाम्या पाईपमधून ओढून पाहावं, हवा जवळजवळ विनासायास यायला हवी. काडी वाटीच्या वर गोल फिरवत पेटवली की वरचे तंतू फुगून उभे राहतात. ते टॅम्परनं, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीनं, अलगद बसवायचे आणि दुसऱ्यांदा पेटवायचं. खरी सुरुवात इथून होते. आता ओढायचं ते गरम चहाचा घोट घेतो तितकंच, आणि मध्ये थांबायचं. वाटी गालाला लावून पाहिली तर ती कोमट लागली पाहिजे. चटका बसला तर पाईप खाली ठेवावा. विझला तर विझू द्यावा, पुन्हा पेटवण्यात काहीच कमीपणा नाही. नळीत गुळगुळ आवाज आला तर दोऱ्याची सफाई-काडी आत घालून ओल टिपून घ्यावी.

धूर छातीत न्यायचा नाही. तो तोंडात फिरवून त्यातला थोडासा नाकावाटे सावकाश सोडायचा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकीचा सगळा स्वाद नाकाचा. गवत आणि मनुका यांतला फरक समजतो तो या वाटेनंच.

वाटीचे तीन टप्पे होतात. वरच्या थरात सोनेरी पानाचा उजळ स्वाद असतो: गवत, लिंबाची साल, हलकी गोडी. मधल्या टप्प्यात तो खाली बसतो आणि तव्यावरच्या खरपूस पोळीचा वास येतो. माझ्या मते पूर्ण पाईपची किंमत या टप्प्यात वसूल होते. शेवटच्या टप्प्यात, वरून उतरलेला ओलावा आणि अर्क तळाशी जमल्यामुळे, मिरीचा झणका येतो आणि निकोटीन जाणवू लागतं. तळचा चिकट ऐवज संपवण्याचा हट्ट धरू नये, टाकून द्यावा. गडद, वाफवलेल्या पानात हे टप्पे एकमेकांत मिसळतात. तिथे सुरुवातीपासून शिजवलेल्या अंजिराची जड गोडी असते आणि लिंबाचा उजळपणा जवळजवळ नसतो. सोनेरी पान सकाळच्या चहानंतर, गडद पान जेवणानंतर, हा माझा क्रम. रिकाम्या पोटी दोन्ही नकोत. गरगरतं, उचकी लागते.

साखर असल्यामुळे हा तंबाखू मुरतो. बंद डबीत वर्षानुवर्षं सावकाश रासायनिक बदल चालू राहतात, रंग गडद होतो, आंबूसपणा विरतो आणि कडा गोलावतात. डबीवर घेतल्याची तारीख लिहून ठेवावी. एकाच मालाची नवी आणि जुनी डबी एका आठवड्यात ओढून पाहिली की काळ चवीचं काय करतो ते नीट समजतं.

आता जे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही ते सांगतो. पाईप सुरक्षित नाही. धूर छातीत नेला नाही तरी निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं आणि सवय लावतं. पाईपच्या धुरानं ओठ, तोंड, घसा आणि फुप्फुसं यांचे कर्करोग होतात, हृदयावरही परिणाम होतो. कोणतंही पान, कितीही शुद्ध असलं तरी, याला अपवाद नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तंबाखूनं काय केलं आहे ते रोज दिसतं. मंद ओढल्यानं जीभ वाचते, धोका टळत नाही. म्हणून मी क्वचित आणि एकट्यानं ओढतो. घरातल्या कुणाच्या श्वासात हा धूर जाऊ नये याची काळजी घेतो.

जे तंबाखू ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरुवात करू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. ज्यांना या पानाबद्दल कुतूहल वाटलं असेल त्यांनी हुणसूरकडे भट्ट्यांच्या हंगामात जाऊन यावं आणि ताज्या उघडलेल्या भट्टीच्या दारात उभं राहावं. तो वास घ्यायला काही पेटवावं लागत नाही. आणि जे आधीपासून पाईप ओढतात, पण व्हर्जिनिया जीभ भाजतो म्हणून सोडून बसले आहेत, त्यांना एवढंच सांगेन की तंबाखू आधी वाळवा आणि निम्म्या वेगानं ओढा.