घडणावळीचा हिशेब

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन निरोपाचे पाहुणे म्हणून आले आणि अनंत कान्हेरे या कॉलेजच्या वयाच्या मुलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आम्हा नाशिककरांना हे शाळेपासून पाठ. पण त्या काळावर कादंबरी लिहायला बसलो आणि अडलो. लंडनहून सावरकरांनी छुप्या मार्गाने पाठवलेली ती ब्राउनिंग पिस्तुले असतात तरी कशी? माझी सारी नोकरी बँकेत गेली. शस्त्राशी ओळख म्हणजे दारातल्या रखवालदाराची बंदूक!

मग वाचू लागलो. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. त्याचेच पुढचे पिस्तूल अमेरिकन लष्कराने १९११ साली स्वीकारले आणि त्या सालाच्याच नावाने ते जगभर गाजले. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परतताना नवी गोळी भरतो. पेटंट केव्हाच संपले, त्यामुळे आज ते अनेकजण बनवतात. फिलिपीन्सचे साधे पिस्तूल अमेरिकेत पाचशे डॉलरच्या आसपास मिळते. नाइटहॉक कंपनीचे घ्यायचे तर तीन हजारांच्या पुढेच मोजावे लागतात.

एवढा फरक कशाचा? स्वस्तात बरेच भाग साच्यातून काढलेले, जोडणी जरा सैल. महागात पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेले भाग. एकच कारागीर कानस घेऊन ते एकमेकांत बसवतो. चाप हलका, नेम अधिक नेटका. पण सैल जोडणी म्हणजे वाईट असेही नाही. लष्करी पिस्तूल मुद्दामच थोडे सैल असे, म्हणजे चिखल-माती गेली तरी अडू नये. आपल्या आज्यांच्या शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीनेही दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अशी पाचशे पिस्तुले बनवली होती. आज संग्राहक त्यांना सर्वांत महागड्यांत मोजतात!

बँकेत सोनेतारण कर्ज देताना आम्ही दागिन्याची घडणावळ धरत नसू. फक्त सोन्याचे वजन आणि कस. तोच काटा इथे लावला. जादा पैसे जातात ते घडणावळीत. मग सोने कोणते? चाप ओढला की गोळी सुटते, हे. ते दोन्हींत सारखेच.

आणि त्याची किंमत कुठल्याच किंमतपत्रकात नसते. संस्कृतचा व्यासंगी जॅक्सन गेला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. त्या चार घरांत ब्राउनिंग केवढ्याला पडले, हे कोणी विचारले असेल?

कादंबरीचे ते प्रकरण परवा पूर्ण झाले. पिस्तुलाचे वर्णन त्यात एका ओळीचे आहे; उरलेली पाने त्या माणसांना दिली.